दंडावरची फीत, भिंतीवरची पदवी

बोरी नदीच्या काठाने अमळनेरकडे जाणारा आमचा रस्ता पहाटे साडेचारलाच जागा होतो. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये डांबराची अरुंद पट्टी आणि तिच्यावरून पळणारी पंधरा-वीस पोरं. मी पुलाच्या कठड्यापाशी घड्याळ घेऊन उभा असतो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, हे त्यांचं लक्ष्य. यातली बरीच पोरं शेतमजुरांची आहेत. एकदोघं पावरा आदिवासी आहेत, सातपुड्यातल्या धडगावकडून शिकायला आलेली.

२०२३ पासून फौजेच्या भरतीचा क्रम बदलला. पूर्वी आधी मैदान, मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी लेखी परीक्षा असायची. आता आधी संगणकावरची परीक्षा, आणि तीत जो टिकेल तोच मैदानावर. माझ्याकडचा सगळ्यात वेगवान मुलगा गेल्या खेपेला मैदानापर्यंत पोचलाच नाही. परत आला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, पयनं माले जमस, पन कंप्युटरवर येळ पुरस नही." परीक्षेच्या दिवशीच त्याने पहिल्यांदा माऊस हातात धरला होता.

नव्या क्रमाला माझा विरोध नाही. जुन्या भरतीत हजारो पोरं रात्रभर रस्त्यावर झोपायची, चेंगराचेंगरी व्हायची, पहाटे उपाशीपोटी पळायची. ते हाल कमी झाले हे चांगलंच झालं. पण त्या मुलाच्या वाक्याने मला एक जुना प्रश्न पुन्हा आठवला. फौजेत माणूस वर चढतो तो कशाच्या जोरावर? त्याने वाचलंय काय त्यावर, की त्याने केलंय काय त्यावर? शिपायाच्या भरतीपासून सेनापतीच्या निवडीपर्यंत हा प्रश्न प्रत्येक पायरीवर उभा असतो. गावात पारावर, निवृत्त जवानांच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात यावर मी तावातावाने चाललेले वाद ऐकले आहेत. एक बाजू म्हणते, आता ड्रोनचं युद्ध आहे, अडाणी सुभेदाराला कोण विचारतो. दुसरी म्हणते, पुस्तकं वाचून कोणी गोळी झेललेली नाही.

मी १९८६ साली दहावीवर सॅपर, म्हणजे फौजेच्या अभियंता दलातला शिपाई, म्हणून भरती झालो आणि २०१४ साली सुभेदार होऊन घरी आलो. पूल बांधणं, सुरुंग काढणं, रस्ते मोकळे करणं यात अठ्ठावीस वर्षं गेली. नोकरीत असतानाच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तेही वयाच्या चाळिशीत. त्यामुळे या वादातल्या दोन्ही बाजू मी अंगावर घेतल्या आहेत. माझं मत सरळ आहे. फौजेला शिकलेला नेता हवाच. पण शिक्षण हा दरवाजावरचा पहारेकरी करू नये. पदवीधर पोराला घेऊन त्याला अनुभव देण्याची व्यवस्था आपण उत्तम उभी केली. अनुभवी माणसाला घेऊन त्याला शिक्षण देण्याची व्यवस्था मात्र अरुंद ठेवली, उशिरा सुरू केली आणि लवकर बंद केली. हे बदललं पाहिजे.

आधी माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट सांगतो.

मी हवालदार होतो. डोंगरातल्या एका नाल्यावर आम्ही बेली पूल टाकत होतो. ज्यांनी हा पूल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, लोखंडी चौकटी एकमेकींना खिळींनी जोडत जायचं आणि सांगाडा रोलरवरून पुढे ढकलत पलीकडच्या काठावर न्यायचा. एकेक चौकट अडीचशे किलोच्या वर भरते, सहा जणांनी मिळून उचलायची. मी असे पूल इतके टाकले होते की काठाकडे नुसतं बघून कुठे काय बसेल ते सांगायचो. त्या दिवशी नवा लेफ्टनंट सोबत होता, अभियांत्रिकी शिकून आलेला, मिशी नीट न फुटलेला. त्याने काठची माती हातात चुरून बघितली, वहीत गणित मांडलं आणि म्हणाला, "उस्ताद, तळपट्टीखाली लाकडी स्लीपरचा आणखी एक थर द्या. माती दाब धरणार नाही." मी म्हणालो, "साहेब, अशा मातीवर आम्ही कैक पूल टाकलेत." त्याने माझ्या वयाचा मान ठेवला आणि आग्रह सोडला. रात्री पाऊस झाला. सकाळी एका बाजूची तळपट्टी चार बोटं खचलेली होती आणि पूल तिरका झाला होता. गाड्या अजून सोडल्या नव्हत्या म्हणून कोणाला इजा झाली नाही. पूर्ण दिवस जॅक लावून पूल उचलण्यात गेला.

त्या लेफ्टनंटने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. संध्याकाळी त्याची वही घेऊन तो माझ्या तंबूत आला आणि मातीचा दाब कसा काढायचा ते मला शिकवलं. साधा भागाकार होता. वीस मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट मला चौदा वर्षांत कोणी शिकवली नव्हती आणि मीही कोणाला विचारली नव्हती. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण गावाची वेस ओलांडत नाही. माझा अनुभव तसा झाला होता. जितकी वर्षं जास्त, तितकी खात्री जास्त. आणि खात्री वाढली की डोळे कमी बघतात. मुक्त विद्यापीठाचा अर्ज मी त्या घटनेनंतर वर्षभरातच भरला.

आता उलट बाजू. असेही अधिकारी पाहिले की ज्यांना नकाशा तोंडपाठ होता, पण दहा जणांच्या तुकडीतला कोण रात्रभर झोपलेला नाही, कोणाच्या घरून वाईट पत्र आलंय, कोणाच्या हातात आज सुरुंग द्यायचा नाही, हे त्यांना दिसत नव्हतं. सुरुंग काढताना हातातला प्रोडर, म्हणजे सुरुंग चाचपायची सळई, जमिनीत तीस अंशाच्या तिरक्या कोनात घालायचा असतो, हे पुस्तकात आहे. कापरा हात ओळखून त्या माणसाला न दुखावता मागे कसं घ्यायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते शिकायला दुसऱ्या माणसांबरोबर थंडीत वर्षं काढावी लागतात.

हा झगडा आजचा नाही आणि परका तर मुळीच नाही. आपल्या खानदेशाने तो फार जवळून पाहिला आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं तळोदे हे मल्हारराव होळकरांचं आजोळ. वडील लवकर वारल्यावर मामा भोजराज बारगळांकडे ते वाढले, मेंढ्या राखल्या, मग कदमबांड्यांच्या फौजेत स्वार झाले आणि तिथून पेशव्यांचे सुभेदार झाले. मल्हाररावांनी युद्ध शिकलं ते घोड्याच्या पाठीवर. १७६१ च्या पानिपतावर मराठ्यांच्याच फौजेत त्यांच्याबरोबर होता इब्राहिमखान गारदी, फ्रेंच सेनानी बुसीच्या कवायती पद्धतीत तयार झालेला तोफखान्याचा माणूस. आदल्याच वर्षी उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाला नमवलं होतं. मल्हाररावांचं म्हणणं होतं की जड तोफा, बुणगे आणि बायकामुलं मागे ठेवावीत आणि गनिमी काव्याने लढावं. सूरजमल जाटाचाही सल्ला असाच होता. सदाशिवरावभाऊंनी कवायती फौजेवर भरवसा ठेवला.

आपल्याकडे यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर पानिपत टळलं असतं. दुसरा म्हणतो, म्हातारा जुन्या पद्धतीला चिकटून बसला होता. मला दोन्ही अर्धवट वाटतात. बुणग्यांबद्दल मल्हाररावांचा अनुभव बरोबर ठरला. पुढे तीच फौज उपासमारीने खचली. आणि १४ जानेवारीच्या सकाळी गारद्याचं प्रशिक्षणही बरोबर ठरलं. त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची बाजू भाजून काढली होती. इतिहासकार सांगतात की नेमक्या त्या वेळी विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार जोशात पुढे धावले, गारद्याच्या तोफांच्या समोर आले आणि तोफा थंडावल्या. ती चूक शौर्याच्या कमतरतेमुळे झाली नाही. पायदळ आणि तोफखान्याची कवायत म्हणजे काय, तिच्यात घोडदळाने कधी थांबायचं असतं, हे त्या शूर स्वारांना कोणी शिकवलेलं नव्हतं. ज्याला शिक्षण होतं त्याच्या हाताखाली घोडदळ नव्हतं आणि ज्यांच्या हाताखाली घोडदळ होतं त्यांना ते शिक्षण नव्हतं. मल्हारराव आपली फौज घेऊन मैदानातून निघाले, त्यावरचा वाद तर अजून मिटलेला नाही.

मला या कथेतला खरा मोठा माणूस वाटतो तो महादजी शिंदे. पानिपतावर पायाला जखम होऊन जन्माचं पंगुत्व घेऊन परतलेला, लढायांचा अनुभव अंगावर वागवणारा. हाच माणूस १७८४ साली, पन्नाशीच्या वयात, द बॉइन नावाच्या परदेशी सेनानीला नोकरीवर ठेवतो आणि आपल्यासाठी कवायती पलटणी उभ्या करून घेतो. आपल्याला काय येत नाही हे ओळखून त्याने शिक्षण विकत आणलं. एवढा अनुभव गाठीशी असताना असं करायला काळीज लागतं. आणि त्याच्या हातात अधिकार होता, म्हणून तो ते करू शकला. साध्या शिपायाच्या हातात तो नसतो.

शिपायाच्या वाटेत भिंत कशी आली, तेही खानदेशातूनच दिसतं. १८२५ साली जेम्स औट्राम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने खानदेश भिल्ल पलटण उभी केली. तिचं ठाणं होतं धरणगाव. सातपुड्यातले भिल्ल त्याच्या मागे आले ते काही त्याची सनद वाचून नव्हे. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, म्हणून त्यांनी त्याचं ऐकलं. कंपनी सरकारने त्या पलटणीचा उपयोग भिल्लांनाच काबूत ठेवायला केला, हे विसरू नये. पण नेतृत्वाची ताकद सोबत राहण्यातून येते, हे त्यातून दिसतं. मात्र त्या पलटणीतला भिल्ल कितीही शूर निघाला तरी जमादार, सुभेदार यापुढे जाऊ शकत नव्हता. इंग्रजांच्या सगळ्या हिंदी फौजेचा तो नियमच होता. पंचवीस वर्षं लढलेला सुभेदार विलायतेहून कालच उतरलेल्या वीस वर्षांच्या पोराला सलाम ठोकणार. भिंत रंगाची होती. इंग्रज गेले, रंगाचा प्रश्न मिटला, पण भिंतीच्या काही विटा जागच्या जागी राहिल्या आणि त्यांवर शिक्षणाचा गिलावा चढला.

त्यातही एक गोष्ट मला नेहमी चकित करते. १९३२ साली डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली, तेव्हा पहिल्या तुकडीत चाळीस जण घेतले. त्यांपैकी पंधरा जागा स्पर्धा परीक्षेतून, दहा संस्थानांच्या फौजांतून आणि पंधरा जागा थेट फौजेच्या रांगांमधून भरायच्या होत्या. म्हणजे परक्या सरकारने, परक्या हेतूने का होईना, चाळीसपैकी पंधरा खुर्च्या शिपायांसाठी मांडल्या. त्या एका तुकडीतून पुढे तीन देशांचे सेनापती निघाले. भारताचे सॅम माणेकशा परीक्षा देऊन आले होते. पाकिस्तानचे मुहंमद मूसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन, हे दोघंही आधी साधे शिपाई म्हणून भरती झाले होते. मूसा १९६५ च्या युद्धात आपल्याविरुद्ध होते, त्यांचं कौतुक मला करायचं नाही. पण तीन सेनापतींपैकी दोन रांगेतून आले, हे आकडे मला आमच्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटतात.

आणि आमच्या बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे तर आम्हा सॅपरांचं दैवत. १९४० मध्ये साधा सॅपर म्हणून भरती. ब्रह्मदेशच्या लढाईत हवालदार. १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट. आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर त्यांनी सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. मांडीला जखम झालेली, वरून तोफगोळ्यांचा मारा, आणि हा माणूस रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत पुढे जातो. त्यांना परमवीरचक्र मिळालं. ते चक्र जिवंतपणी स्वीकारणारे ते पहिले. त्या कामाला अधिकाऱ्याची नजर लागत होती आणि सॅपरचे हातही लागत होते. राण्यांकडे दोन्ही होतं, कारण आठ वर्षांपूर्वी भरती झालेल्या सॅपरला कोणीतरी अधिकारी होऊ दिलं.

मग आज वाट नाही का? आहे. आर्मी कॅडेट कॉलेज हे तिचं नाव. १९२९ साली नौगाँगला सुरू झालेल्या किचनर कॉलेजचा तो वारसा. १९६० साली ते पुण्यात नव्याने उभं राहिलं आणि १९७७ पासून डेहराडूनला आहे. तिथे निवडलेल्या जवानाला तीन वर्षं शिकवून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी देतात, मग मिलिटरी अकॅडमीत एक वर्ष, आणि तो लेफ्टनंट होऊन बाहेर पडतो. ही व्यवस्था मला आपल्या फौजेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. कारण इथे माणूस आधी पारखला जातो आणि पदवी त्याला फौज देते. पण अट अशी की वय सत्तावीसच्या आत हवं आणि बारावी झालेली हवी. त्याहून मोठ्या वयाच्या जवानांसाठी आणखी एकदोन वाटा आहेत, पण त्या अरुंद आहेत आणि वरच्या हुद्द्यापर्यंत पोचायला त्यांत वर्षंच उरत नाहीत.

सत्तावीस हा आकडा दिल्लीत बसून पाहिला तर योग्य वाटतो. तळोद्यातून, अक्कलकुव्यातून पाहा. मुलगा दहावी करून अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो, कारण घरी बहिणीचं लग्न आहे आणि कोरडवाहू जमिनीवर कर्ज आहे. पहिली चार-पाच वर्षं पगार घरी पाठवण्यात आणि नोकरी समजून घेण्यात जातात. बारावी बाहेरून करायची आहे हे कळतं चोविसाव्या वर्षी. ती होते सव्विसाव्या वर्षी. इंग्रजी सुधारायला वर्ष हवं. तोवर खिडकी बंद. त्याच वयाचा शहरातला मुलगा बारावीनंतर लगेच एन.डी.ए.ला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसला होता. तिथली लेखी परीक्षा नऊशे गुणांची, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. त्याला घरात इंग्रजी वर्तमानपत्र होतं, शिकवणी होती आणि खडकवासल्याचं नाव त्याने आठवीत ऐकलं होतं. आमच्या मुलाने ते नाव भरती झाल्यावर ऐकलं. राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एन.डी.ए.च्या तयारीसाठी संस्था काढली ती हीच दरी ओळखून, आणि तिने पुष्कळ चांगलं काम केलं आहे. पण तीही दहावीनंतरच्या मुलासाठी. एकदा वर्दी चढवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाच्या मागे कोण उभं राहतं?

अठराव्या वर्षीची पदवीची वाट म्हणजे बहुतेक वेळा बापाची ऐपत आणि गावाचं अंतर. कर्तृत्व त्यानंतर दिसायला लागतं. फौजेकडे तर ते पारखायला रोजचे प्रसंग आहेत: कोण भाराखाली डगमगत नाही, कोणाच्या मागे माणसं आपणहून चालतात. इतकी बारीक परीक्षा कुठल्या विद्यापीठाकडे नाही. तिचा निकाल हाताशी असून आपण त्याला वयाची आणि कागदाची कात्री लावतो.

अधिकाऱ्यांच्या बढतीचंही थोडं बोलायला हवं, जरी मी ते बाहेरूनच पाहिलं. लेफ्टनंटपासून मेजरपर्यंत खात्याच्या परीक्षा असतात. पुढे तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची प्रवेश परीक्षा. तिथला अभ्यासक्रम पूर्ण केला की मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. मिळते. कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्यांसाठी निवड मंडळं बसतात. वार्षिक अहवालांना सर्वांत मोठं वजन असतं आणि तुकडीचं नेतृत्व केलेलं असणं लागतं. ही रचना मला मुळात बरी वाटते. अभ्यास आहे, पण नेतृत्व टाळून वर जाता येत नाही. नेतृत्वाचा अनुभव न पाहण्याची किंमत १९६२ च्या चीन युद्धाने आपल्याला मोजायला लावली होती. ईशान्येच्या चौथ्या कोअरची सूत्रं ज्या जनरल कौलांकडे दिली, ते सँडहर्स्टमध्ये शिकलेले होते, हुशार होते, दिल्लीत वजनदार होते, पण युद्धात पलटण लढवल्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. त्या पराभवाला एकटे तेच जबाबदार नव्हते. तरीही चीनच्या सीमेवरच्या थागलाच्या उतारावर उन्हाळी कपड्यांत उभ्या केलेल्या जवानांची थंडी ज्याने स्वतः भोगली असती, त्याने वर निरोप वेगळा पाठवला असता असं मला वाटतं.

अलीकडे मात्र वेगळीच काळजी वाटते. शिक्षण घेणं आणि शिक्षणाचे गुण गोळा करणं यांत फरक आहे. एखादा मेजर डोंगरातल्या लढाईचा इतिहास अभ्यासतो, तो त्याच्या पलटणीच्या कामी येतो. दुसरा नावापुढे लावायला व्यवस्थापनाची पदविका मिळवतो, ती कोणाच्याच कामी येत नाही, आणि तिच्यासाठीचे महिने पलटणीच्या वाट्यातून गेलेले असतात. अमेरिकेत अधिकारी व्हायला साधारणपणे पदवी लागतेच, आणि वर जायचं तर बहुतेक जण पदव्युत्तर शिक्षणही घेतात. तरी तिथेही एच. आर. मॅकमास्टर यांच्यासारख्या माणसाला, ज्याने व्हिएतनामच्या काळातल्या सेनाप्रमुखांच्या चुकांवर डॉक्टरेट केली आणि इराकमधलं ताल अफार शहर सावरून दाखवलं, ब्रिगेडियर जनरलच्या पदासाठी दोनदा डावललं गेलं. २००८ मध्ये त्यांची निवड झाली. कागदावर पदवी मागणारी व्यवस्था विचार करणारा माणूस ओळखेलच असं नाही.

मला जर्मनांची वाट जास्त पटते. नेपोलियनने १८०६ मध्ये येना इथे प्रशियाची धूळधाण केली, तोवर तिथे अधिकारी व्हायला उमरावाच्या घरात जन्म लागायचा. १८०८ च्या फर्मानाने तो हक्क मोडला आणि सांगितलं की यापुढे शांततेच्या काळात ज्ञान आणि शिक्षण, आणि युद्धात असामान्य शौर्य आणि चटकन परिस्थिती ओळखण्याची नजर, यांवरच अधिकारी होता येईल. दोन काळांसाठी दोन कसोट्या, आणि जन्माला कुठेच जागा नाही. पुढे १९७३ मध्ये त्यांनी हॅम्बुर्ग आणि म्युनिकला फौजेची स्वतःची विद्यापीठं काढली. मुलगा आधी फौजेत येतो, मग फौज त्याला पदवी देते. इस्रायलमध्ये तर भावी अधिकारी आधी साधा शिपाई म्हणून उभा राहतो, तिथे दिसला तर अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाला जातो. बंदुकीचं वजन, पहाऱ्याची रात्र, वरिष्ठाने विनाकारण केलेला अपमान, हे सगळं त्याने भोगलेलं असतं. आपल्याकडे प्रत्येक भावी लेफ्टनंटने सहा महिने तरी शिपायांच्या बराकीत, शिपायांच्याच कामावर काढावेत, असं मला मनापासून वाटतं.

निवृत्तीनंतर हा प्रश्न आणखी कडू होतो. माझ्याच तुकडीतला एक सुभेदार, दहावी शिकलेला, पुरात दोरखंड टाकून माणसं काढलेला, एका संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाच्या जागेसाठी गेला. टेबलापलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न केला, "पदवी कुठली?" जागा गेली एका पदविकावाल्या तरुणाला. त्या तरुणावर राग नाही, त्यालाही पोट आहे. केंद्र सरकारचा नियम आहे की दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला गट-क च्या काही पदांसाठी पदवीधरासारखं धरावं. पण सरकारी कचेरीबाहेर तो नियम कोण मानतो? २०२२ मध्ये चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आली तेव्हा इग्नू या मुक्त विद्यापीठामार्फत त्या योजनेतल्या जवानांसाठी, म्हणजे अग्निवीरांसाठी, तीन वर्षांची पदवी जाहीर झाली, तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य-प्रशिक्षणाचे. ही कल्पना मला अतिशय मोलाची वाटते. अनुभवाला मोजता येतं, त्याला विद्यापीठाच्या भाषेत मांडता येतं, हे सरकारने एकदा कबूल केलं. मग ते चार वर्षांच्या अग्निवीरापुरतंच का? वीस वर्षांच्या हवालदाराचा पूल, त्याचा सुरुंग, त्याचं बर्फातलं गस्तीचं नियोजन श्रेयांकांत का बसू नये? आणि ती पदवी नोकरी सुटताना हातात ठेवण्यापेक्षा चालू नोकरीत, बढतीच्या आधी का देऊ नये?

यावर एक हरकत मी नेहमी ऐकतो. रांगेतून आलेला अधिकारी वयाने मोठा असतो, त्याच्या अंगात वेग कमी असतो, आणि तो कालच्या सोबत्यांवर हुकूम चालवायला कचरतो. पहिल्या भागात तथ्य आहे, म्हणूनच मी पंचेचाळीस वर्षांच्या सुभेदाराला प्लाटूनसह कड्यावर चढवा असं म्हणत नाही. पण फौज म्हणजे फक्त कडा नव्हे. प्रशिक्षण केंद्रं आहेत, रसद आहे, दारूगोळ्याचे साठे आहेत, पूल आणि रस्ते आहेत, जिथे पंचेचाळिशीची शांत नजर सोन्याच्या मोलाची असते. कचरण्याबद्दल म्हणाल, तर मी राण्यांच्या रेजिमेंटमध्ये वाढलो. तिथे आम्हाला असा कचरणारा कधी दिसला नाही.

अनुभवी माणसांनाही मला एक सांगायचं आहे. जळगावच्या आमच्या विद्यापीठाला जिचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. पदवीची टर उडवायला हे उदाहरण आपल्याकडे फार जण वापरतात. पण तिच्या ओव्या आज आपल्यापाशी आहेत, कारण घरातल्या लिहिता येणाऱ्या मुलांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. नाहीतर त्या तिच्याबरोबरच गेल्या असत्या. किती सुभेदार किती गोष्टी उराशी घेऊन सरणावर गेले, त्यांची वही कोणी धरली नाही. आपण लिहायला शिकलं पाहिजे, साहेबांच्या भाषेत नकाशावर बोट ठेवून आपलं म्हणणं मांडायला शिकलं पाहिजे. नाहीतर आपला अनुभव दुसऱ्याच्या अहवालातली एक ओळ होऊन राहतो.

सध्या आमच्या गावचा एक नाईक रजेवर आला आहे. २०१९ ची भरती. पायदळात आहे, उत्तरेच्या सीमेवर दोन हिवाळे काढून आलाय. त्याच्या सी.ओ. साहेबांनीच, म्हणजे पलटणीच्या प्रमुखानेच, त्याला कॅडेट कॉलेजचा अर्ज भर म्हणून सांगितलं आहे. बारावी त्याने गेल्या वर्षी बाहेरून केली. वय सव्वीस वर्षं सात महिने. दिवसा बापाबरोबर कपाशीला पाणी भरतो, संध्याकाळी कंदील लागायच्या सुमारास माझ्या ओट्यावर येतो. त्याला माणसं सांभाळता येतात, हे मला त्याच्या बोलण्यावरून पहिल्याच दिवशी कळलं. इंग्रजीत मात्र भूतकाळ आणि वर्तमानकाळ त्याचे एकमेकांत मिसळतात. रजा अकरा दिवस उरली आहे. आम्ही रोज दोन तास बसतो.